सांधद्रव

प्रयोगशाळेच्या फिरत्या रुळांवर रुग्णवाहिका जागच्या जागी बराच वेळ भरधाव चालली, पण तापमानाचा काटा मधल्या खुणेपासून हलला नाही. डॉ. मृण्मयी सोहोनी यांनी इंजिन बंद करायला लावले.

"इथं शहाण्यासारखं वागतं आणि घाटात गेलं की उकळतं," इंजिनतज्ज्ञ फारूक तडवी म्हणाले. "पंप नवा आहे. थर्मोस्टॅट वेळेवर उघडतो, पंखा फिरतो. आता बघायचं काय राहिलं?"

"सांधद्रव."

सांधद्रव हा मृण्मयींचाच शोध होता. सातपुड्यातल्या रस्त्यावर दगड उडून रेडिएटर फुटायचा, पाणी वाहून जायचे आणि रुग्णवाहिका रानात अडकून पडायची. अशाच एका गाडीत एक मुलगी दगावली, तेव्हापासून त्या या द्रवाच्या मागे लागल्या होत्या. द्रव इंजिनातली उष्णता रेडिएटरपर्यंत नेई. शिवाय त्यात असंख्य सूक्ष्म कण तरंगत असत. द्रवात असेपर्यंत ते मऊ राहत, हवा लागली की कडक होत. भोक पडले की द्रव बाहेर झिरपे, हवा लागे आणि भोक आपोआप सांधले जाई.

"मग तो गळतोय कुठं?" फारूकांनी विचारले.

"कुठंच नाही. तेच कळत नाही."

फारूकांनी रेडिएटरचे झाकण उघडले. ही त्यांची तिसरी तपासणी होती. पातळी अगदी काठोकाठ होती. त्यांनी झाकण लावले. "घाटातच जाऊन बघू."

गाडी जामसिंग पावरा चालवत होते. त्यांच्या गाडीची काच कधी धुळकट दिसत नसे. अर्ध्या वाटेवरच फोन आला. वरच्या पाड्यावर रेवली नावाची बाई बाळंतपणात अडली होती आणि जवळपास दुसरी गाडी नव्हती. मृण्मयींनी फारूकांकडे पाहिले.

"तापेल," फारूक म्हणाले.

"तापली तर बघू," जामसिंग म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवली.

रेवलीला आणि तिच्या आईला घेऊन गाडी निघाली. दवाखाना डोंगराच्या पलीकडे होता. आधी मोठी चढण लागली. पहिल्याच वळणावर काटा वर सरकला. दुसऱ्या वळणानंतर तो लाल खुणेला टेकला तेव्हा जामसिंगांनी गाडी कडेला घेतली.

"थोडी निवू देतो, मग झाकण उघडून पाणी घालतो."

"हिच्याकडे तेवढा वेळ नाही, दादा," आतून रेवलीची आई म्हणाली.

फारूकांनी बॉनेट उघडून उष्णतादर्शक कॅमेरा रेडिएटरवर धरला. पडद्यावर इंजिन पांढरेशुभ्र दिसत होते. रेडिएटरचा खालचा पट्टा लाल होता, पण वरच्या बहुतेक सगळ्या नळ्या निळ्या, थंड.

"इंजिन तापलंय आणि रेडिएटर थंड? म्हणजे वरच्या नळ्यांतून द्रव जातच नाही. सपाटीवर खालच्या नळ्यांवर भागतं. चढणीला पुरत नाही."

"नळ्या तुंबल्यात," मृण्मयी म्हणाल्या. "पण कण कडक व्हायला हवा लागते. आणि गळती नसताना हवा येणार कुठून?" त्या जामसिंगांकडे वळल्या. "जामसिंगभाऊ, झाकण तुम्ही किती वेळा उघडता?"

"रोज सकाळी, मॅडम. पातळी बघतो, जराही कमी दिसली तर भरतो. पेशंटची गाडी आहे, हलगर्जी करून कसं चालेल?"

मृण्मयींना उलगडा झाला. झाकण उघडले की थोडी हवा आत जाते. पंप ती घुसळतो, तिचे बुडबुडे होतात. त्या कणांना बाहेरची हवा आणि आतली हवा यांतला फरक कळत नाही. प्रत्येक बुडबुड्याभोवती एक कडक कवच बनणार आणि ते अरुंद नळीत जाऊन बसणार.

"झाकणाला कुणी हात लावू नका," त्या म्हणाल्या. "फारूकभाई, हीटरची नळी वेगळी आहे ना?"

"वेगळी आहे. आणि या उन्हात हीटर कोण लावतंय! त्याची झडप पहिल्या दिवसापासून बंद असणार." फारूकांच्या लक्षात आले. "म्हणजे ती नळी साफ आहे!"

हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता झोतासारखी गाडीत शिरू लागली. खिडक्या उघड्या होत्या, तरी आत भट्टी झाली. मृण्मयी रेवलीच्या कपाळावर ओले फडके धरून बसल्या. रेवलीने त्यांचे मनगट इतके घट्ट धरले होते की बोटे बधिर झाली. जामसिंग पहिल्या गिअरमध्ये, काट्यावर नजर ठेवून चढत राहिले. काटा लाल खुणेच्या जरा खाली आला आणि तिथेच थांबला. माथा आला, मग उतार.

दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात रेवलीला मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत रेडिएटरच्या वरच्या नळ्या कापल्या. आत मोहरीएवढे पोकळ दाणे खच्चून भरले होते. नवा रेडिएटर बसवून सांधद्रव निर्वात पद्धतीने भरला, हवेचा एक बुडबुडाही न ठेवता. झाकणाच्या जागी पातळी बाहेरूनच दाखवणारी पारदर्शक नळी कायमची जोडली.

जामसिंग हातातला दाणा निरखत होते. "म्हणजे हे माझ्याच हातानं झालं?"

"आम्हीही तीनदा उघडलं," मृण्मयी म्हणाल्या. "बिघाड शोधायला. दर वेळी थोडा वाढवलाच."

"मग आता रोज सकाळी मी काय करू?"

"काच पुसा. बाकी काही करू नका."

सांधद्रवावर चालणाऱ्या आणखी रुग्णवाहिका जिल्ह्यात होत्या. फारूकांनी नियंत्रण कक्षाला फोन लावून तो मृण्मयींच्या हाती दिला.

"तुमच्याकडे गाडी सगळ्यात जास्त जपणारा चालक कोण?" त्यांनी विचारले.

"दिवाल्या वसावे, मॅडम!" पलीकडचा माणूस अभिमानाने म्हणाला. "घाटातला पेशंट आणायला आत्ता त्यालाच पाठवतोय."

"त्याला थांबवा. वर्षभरात बॉनेटसुद्धा उघडलं नाही, असा कुणी आहे?"

"आहे एक. त्याला नोटीस काढायची आहे."

"नोटीस राहू द्या," मृण्मयी म्हणाल्या. "आधी त्याला घाटात पाठवा."