समपट्टीचं शून्य

वैनपूरच्या परिचर्या महाविद्यालयात त्या सकाळी वीस मुलींच्या कपाळांवर वीस हिरवे ठिपके उजळले आणि मंदाकिनी रामटेके मॅडमना अगदी भरून आलं. एकतीस वर्षं त्या रुग्णसेवा शिकवत होत्या. सगळ्या रुग्णांना सारखं वागवा, हे सांगून सांगून त्यांचा घसा कोरडा पडला होता. कुणाची जात, कुणाचे मळके कपडे, कुणाच्या तोंडाला येणारा दारूचा वास. मुलींचे हात कुठे ना कुठे आखडायचेच. म्हणून मॅडम त्यांना रोज मनाची वही लिहायला लावत. आज कुठल्या रुग्णाजवळ जाताना पाय जड झाले आणि का? मुली नाकं मुरडत, पण लिहीत; मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून मॅडम त्या वह्या कधी वाचत नसत.

आता वह्यांची गरज उरली नव्हती.

"मनाचा कल आपल्याला कळायच्या आधीच मेंदूत उमटतो," समपट्टीचे जनक डॉ. निरंजन पटवारी पाहुण्यांना सांगत होते. "कपाळावरची ही पट्टी तो पकडते आणि बारीकशा विद्युतस्पंदाने तिथल्या तिथे पुसून टाकते. हिरवा ठिपका म्हणजे कल शून्य."

"पण शून्य म्हणजे काय, हे पट्टीला कसं कळतं?" पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं.

"वजनकाट्यालाही आधी शून्यावर आणावं लागतंच ना? आम्ही एक निष्पक्ष मेंदू शोधला. एकतीस वर्षांत एकही तक्रार नाही!" डॉक्टरांनी मॅडमकडे हात केला. "तीन महिने यांच्या मेंदूची नोंद घेतली. प्रत्येक पट्टीचं शून्य म्हणजे आमच्या रामटेके मॅडम."

टाळ्या पडल्या. मॅडम लाजल्या; खोटं कशाला बोला, सुखावल्याही. वह्या कपाटात गेल्या आणि कपाटाला कुलूप लागलं.

वर्षभरात समपट्टी नव्वद रुग्णालयांत पोचली. जातीवरून, कपड्यांवरून होणारा दुजाभाव खरोखरच संपला, हे कबूल करायलाच हवं. मग सोनाबाई नावाची एक बाई वैनपूरच्याच रुग्णालयात पोटदुखीने सहा तास किंचाळत राहिली आणि सातव्या तासाला गेली. आतडं फुटलं होतं. चौकशी झाली. पाळीवरच्या सगळ्या परिचारिकांचे ठिपके हिरवे होते, म्हणजे दोष कुणाचाच नव्हता. दोन महिन्यांनी एक म्हातारा गेला. तोही ओरडत होता.

मॅडमच्या जिवाला चैन पडेना. त्यांनी कपाट उघडलं आणि वह्या चाळायला घेतल्या. रोशनी आत्रामची वही हाती आली. पोर मोठी चौकस. आता ती इथल्याच रुग्णालयात परिचारिका होती. पहिल्या वर्षी तिने लिहिलं होतं, 'मॅडम ओरडणाऱ्या रुग्णाकडे नेहमी शेवटी जातात. त्यांच्या ते लक्षातही येत नसावं. कसं सांगू त्यांना?'

मॅडमनी ती ओळ पुन्हा वाचली. त्या पंचविशीत असताना एका कोळसा खाणीत स्फोट झाला होता. तेव्हा थोरल्या सिस्टरने त्यांना बजावलं होतं, ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. आधी गप्प पडलेल्याकडे धाव. शंभर जखमी आणि चार हात, त्या दिवशी ते बरोबरच होतं. तो दिवस सरला, पण नियम मनात राहिला आणि कळत नकळत पालटला. ओरडतो त्याला फारसं झालेलं नसतं.

त्या तडक डॉ. पटवारींकडे गेल्या.

"डॉक्टर, खोट माझ्यात आहे. शून्य बदला."

डॉक्टरांनी मॅडमच्याच कपाळाला पट्टी लावली. ठिपका हिरवा. "बघा. कल शून्य."

"अहो, माझंच माप मला लावल्यावर दुसरं काय निघणार?"

"मग दुसरा मेंदू आणू कुठून? त्याच्यात खोट नाही हे तपासू कशाने? आणि हजारो परिचारिकांपैकी एकीलाही तुमची ही खोट दिसलेली नाही."

"दिसेल कशी? ओरडणाऱ्याकडे कुणाचं मन जरा वळलं, की पट्टी त्यालाच कल समजून पुसते!"

डॉक्टर समजुतीने हसले. "मॅडम, तुम्ही दमला आहात. चार दिवस सुट्टी घ्या."

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांच्या पोटात अशी कळ उठली, की शेजाऱ्यांनी उचलूनच त्यांना रुग्णालयात आणलं. मॅडम गुरासारख्या ओरडत होत्या. रोशनी आली. तिने मायेने चादर सारखी केली, कपाळावरचा घाम टिपला.

"थांबा हं थोडं, मॅडम. तुम्हीच शिकवलंय ना, ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे." आवाजात तुच्छता नव्हती. घाईही नव्हती.

"रोशनी, तुझी वही... तूच लिहिलं होतंस, मी ओरडणाऱ्यांकडे..."

रोशनीच्या भुवया जवळ आल्या. ती क्षणभर मॅडमकडे पाहत राहिली, अगदी पूर्वीसारखी. कपाळावरचा ठिपका नारिंगी झाला, थरथरला आणि पुन्हा हिरवा झाला.

"काय की. आठवत नाही, मॅडम," असं म्हणून ती पलीकडे शांत झोपलेल्या एका तापाच्या रुग्णाची नाडी बघायला गेली.

मॅडमना उमजलं. त्यांनी चादरीचा बोळा केला, तोंडात कोंबला आणि उरलंसुरलं सगळं बळ लावून ओरडणं थांबवलं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, पण आवाज नाही.

"मॅडम गप्प झाल्या!" रोशनी धावत आली. "सर्जनना बोलवा! लवकर!"

लगेच ट्रॉली आली. शस्त्रक्रियागृहाकडे नेताना दाराजवळच्या खाटेवर एक तरुण बाई पोट धरून जिवाच्या आकांताने ओरडत होती. आजूबाजूला तीन हिरवे ठिपके आपापल्या कामात होते. तिला पाहून मॅडमच्या मनात पहिला विचार आला, काय हा कांगावा! त्या स्वतःलाच घाबरल्या. त्यांच्या कपाळावर तर पट्टीही नव्हती.

तिच्याकडे बघा, एवढंच सांगायचं होतं. पण त्यासाठी ओरडावं लागलं असतं आणि आपण ओरडलो तर ही ट्रॉली इथेच थांबेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मॅडमनी डोळे मिटले आणि चादरीचा बोळा दातांत आणखी घट्ट धरला.