टेबल अडवायचं पुस्तक

“बंद म्हणजे बंद!” विश्वासकाकांनी इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, व्हॉइड डेकवरच्या पुस्तकांच्या कपाटावर थाप मारली. “सुट्टी लागल्यापासून पुस्तकं गायब होतायत. मैत्रेयी, जबाबदारी तुझी होती ना? रविवारी हे कपाट काढून टाकणार!”

मैत्रेयीचा चेहरा पडला. सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या त्या ब्लॉकमधल्या मराठी घरांनी हे कपाट जमवलं होतं आणि तेरा वर्षांची मैत्रेयी ते एकटी सांभाळत होती. गायब होत होत्या त्याही नेमक्या इंग्लंडमधल्या शाळांतल्या विनोदी हेरकथा!

“आणि असल्या पांचट पुस्तकांसाठी रडायचं काय? शाळकरी पोरी म्हणे चोर पकडतात! त्यापेक्षा गणितं सोडवा!” असं म्हणून काका लिफ्टमध्ये शिरले. काका बँकेतले मोठे साहेब, पण घरूनच काम करत, त्यामुळे दिवसभर ब्लॉकला उपदेश फुकट!

“हुं! एक पान न वाचता पांचट म्हणे!” मैत्रेयीची मैत्रीण श्रिया फणकारली. “वाचली असती तर कळलं असतं. त्यात सगळ्यात रुबाबदार माणूसच सगळ्यात बावळट निघतो. मुख्याध्यापकांचा विग पुडिंगमध्ये सापडतो, आणि तरी ते भाषण थांबवत नाहीत!”

“पण खरं असं काही होत नसतं, ला!” त्यांचा मित्र अंकुर सिंगापुरी हेल काढत म्हणाला.

दुपारी मैत्रेयीची आई, मेधा, तिघांना घेऊन जेवायला हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत गेली. ती रांगेत उभी राहिली, मुलं टेबल शोधू लागली. तोबा गर्दी! रिकाम्या टेबलांवर कुठे टिश्यूचं पाकीट, कुठे छत्री, म्हणजे जागा अडवलेली. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर... पुस्तक! वर त्यांच्याच कपाटाचा शिक्का!

“चो—” अंकुर ओरडणार, तोच श्रियाने त्याचं तोंड दाबलं.

“गप रे! तो टेबलाकडे फिरकणारच नाही मग. पुस्तकातल्या त्या पोरी काय करतात? चोरामागे धावत नाहीत, त्यालाच बोलू देतात!”

मैत्रेयीने पुस्तक पिशवीत टाकलं आणि तिघं ऐटीत बसली.

थोड्याच वेळात माशाच्या सूपचा ट्रे घेऊन कोण यावं? विश्वासकाका!

“ए, उठा उठा! माझी जागा आहे ही!”

“कशावरून, काका?” श्रियाने डोळे मोठ्ठे केले. “टिश्यूचं पाकीट कुठंय?”

“पाकीट नाही, मी पुस्तक ठेवून गेलो होतो!”

“कुठलं?”

“ते... शाळकरी पोरींचं. कपाटातलं—” काका गप्पकन थांबले. मागे मेधा ट्रे घेऊन उभी होती.

“रोज नेत होतात, विश्वासराव? आणि परत?”

“घाईत राहून जायचं इथेच... टिश्यू लोक वापरून टाकतात हो. असली पुस्तकं कोण उचलणार?”

“ज्याला अक्कल आहे तो!” मैत्रेयी ताडकन म्हणाली.

अंकुर तोवर चहा-कॉफीच्या स्टॉलवरच्या आंटीकडे पळाला होता. “एव्हरी डे फर्गेट, दॅट अंकल!” म्हणत तिने विसरलेल्या छत्र्यांचा खोका ओढला. सगळी पुस्तकं त्यात! एकावर चिली सॉसचे डाग, बाकी ठणठणीत.

“शाब्बास रे पोरांनो!” मेधा म्हणाली.

काका ओशाळवाणं हसले. सूप निवत होतं आणि आसपास एकही जागा नव्हती. “बरं, आता जरा सरकता का?”

मेधाने उरलेल्या खुर्चीसमोर आपला ट्रे ठेवला आणि ती बसली.

“कपाट मैत्रेयीकडेच राहणार, विश्वासराव,” ती म्हणाली. “आणि टेबलही!”