काल काय खाल्लं?

"चप्पल काढा, पर्स ठेवा अन् काट्यावर उभ्या राहा," दवाखान्यातला तो पोरगा मान वर न करता म्हणाला.

मी उभी राहिले. कुणी ठामपणे सांगितलं की आधी करायचं आणि मग विचार करायचा, हा माझा जुना स्वभाव.

"अठ्ठ्याहत्तर," त्याने मोठ्याने वाचलं. अख्ख्या रांगेने ऐकलं. मग त्याने हातातल्या कागदावर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदावर... "लीलाबाई तुमीच ना?"

"लीलाबाई माही आई हाये. तिकडे बसली. मी नुसती सोबत आली."

त्याचे कान लाल झाले. "मग सांगतलं काहून नाही?"

"तुमी विचारलं काहून नाही?"

बाहेर श्रावणाची झड लागली होती, खिडकीतून गार वारा येत होता, आणि मला मात्र घाम फुटला होता. त्याने हळूच वर पाहिलं आणि हसला. मी हसले नाही. निदान त्याला दिसेल असं हसले नाही.

त्याचं नाव अश्विन. दर्यापूरचा. स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांचं वजन आणि खाणं यांचा आजाराशी काय संबंध आहे, यावर तो अमरावतीत संशोधन करत होता. माझी आई त्याच्या अभ्यासातली एक बाई.

आम्ही अकोल्याचे. अकोल्यात डॉक्टर नाहीत असं नाही, पण आईच्या छातीत गाठ निघाली तेव्हा घरात ठरलं की इलाज अमरावतीलाच करायचा आणि शेजारीपाजारी सांगायचं, तिथल्या अंबादेवीच्या दर्शनाला जातो. कारण मी. लग्नाची पोरगी घरात, आणि 'आईचं ते लेकीचं' म्हणणारी तोंडं गल्लीगल्लीत. त्या काळात आम्ही देवीला इतक्या वेळा गेलो, की शेजारणी प्रसाद मागायला लागल्या. येताना आई स्टँडजवळून पेढे घ्यायची.

त्या वजनाच्या दिवसानंतर दर रविवारी अश्विनचा फोन येऊ लागला. त्याच्या अभ्यासाची रीतच तशी. काल सकाळपासून काय काय पोटात गेलं, सगळं सांगायचं.

"दोन भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर वरण," आई साळसूदपणे सांगायची.

"अन् आलुबोंडा," मी मागून म्हणायची.

"अर्धाच व्हता," आई म्हणायची. पलीकडून हसू ऐकू यायचं. मग फोन माझ्या हातात यायचा.

"अन् तुमी काय खाल्लं?" एकदा त्याने विचारलं.

"माही बी नोंद करता का?"

"नाही... असंच. मले वाटलं, विचारून पाहावं."

रविवारची वाट मी कधीपासून पाहायला लागले, ते माझं मलाच कळलं नाही. शनिवारी रात्री उगाच काही चांगलं शिजवायची, उद्या सांगायला बरं म्हणून. आईच्या लक्षात आलं होतं, पण आलुबोंड्याच्या मोबदल्यात ती गप्प होती.

मग एका सकाळी आंघोळ करताना माझ्या हाताला काहीतरी लागलं. डाव्या बाजूला, काखेच्या अलीकडे. हरभऱ्याच्या दाण्याएवढं. मी हात काढला. पुन्हा नेला. होतंच.

मी कुणाला सांगितलं नाही. आई नुकती सावरत होती. तिला काय सांगणार? त्या रविवारी मात्र अश्विनला विचारलं, "खरं सांगा. आईचं ते लेकीचं असते का?"

त्याने उलट मलाच विचारलं, "तुमच्या घरी वावर हाये का?"

"हाये ना. बाळापूरच्या अंगाले."

"मंग सातबारा पाह्यला असन. त्यात मालकी राह्यते, आजोबाची, बापाची, तशीच चालत येते. ते झाले जीन, आईबापाकडून आलेले. अन् दुसऱ्या भागात राह्यतो पेरा. औंदा कपाशी, पुढच्या साली सोयाबीन, कधी पडीक. वावर तेच, पण पेरा बदलते. तसंच जीन तेच राह्यतात, पण कोणता काम करन अन् कोणता गप्प बसन, हे बदलू शकते. यालेच एपिजेनेटिक्स म्हणतात. वाढलेल्या वजनानं, खाण्यापिण्यानं बी त्यात फरक पडते. सगळंच आपल्या हातात नाही पण. अन् पक्कं अजून कोणालेच माहीत नाही, तेच तर शोधून राहिलो."

बोलायला लागला की त्याचा आवाज फार गोड व्हायचा. मी ऐकत राहिले, पण शेवटची दोन-तीन वाक्यं माझ्या कानात शिरलीच नाहीत. पेरा बदलतो, एवढंच शिरलं.

त्या दिवसापासून मी तेल सोडलं, साखर सोडली, भात सोडला. उकडलेला दुधी आणि ताक. पहाटे उठून चालायची, घरी आले की हात आपोआप काखेकडे जायचा. आज लहान वाटते का? कालच्यापेक्षा कमी लागते का? दिवाळीत आईने केलेल्या करंजीला मी शिवले नाही. आईला वाटलं पोरगी प्रेमात पडली म्हणून बारीक होते आहे. तेही खोटं नव्हतं म्हणा.

कार्तिकात आईची पुढची तपासणी आली. आई रक्त द्यायला गेली आणि अश्विन मला दवाखान्याबाहेरच्या गाडीवर घेऊन गेला. हवेत गारवा होता. त्याने गिला वडा मागवला. दह्यात बुडालेला, वर लाल तिखट.

"लईच उतरल्या तुमी," तो म्हणाला. मग नजर खाली. "म्हणजे... आधीबी चांगल्याच दिसत व्हत्या."

दुसरी वेळ असती तर मी त्या वाक्यावर आठवडा काढला असता.

"घ्या ना. एका वड्यानं काही होत नाही."

"मले होते."

"कोण म्हणलं?"

"तुमीच." माझे डोळे भरून आले, आणि जे कुणालाच सांगायचं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "गाठ हाये मले. गणपतीपासून. पेरा बदलला की जाईन, असं वाटलं... कधी कधी लहान बी वाटते."

त्याने प्लेट खाली ठेवली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"कोणाले दाखवली?"

"कोणालेच नाही."

"आचल..." त्याने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. "वजन, खाणं, हे पुढचा धोका कमी कराले. हाताले लागलेली गाठ उपाशी राहून विरत नाही. ती डॉक्टरलेच दाखवा लागते, लगेच. हे मी आधी सांगाले पाह्यजे व्हतं. तुमी ऐकत व्हत्या अन् मी बोलत सुटलो."

"तुमी मले भेव दावून राहिले."

"मलेच भेव लागून राहिलं," तो म्हणाला.

आईला आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "माह्यापासून लपवलं?"

"तूनंबी तर साऱ्या अकोल्यापासून लपवलं."

आई माझं मनगट धरून नंबर न लावता सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरली. सोनोग्राफी झाली, सुई टाकून तुकडा काढला. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. अश्विन रोज फोन करायचा. काय खाल्लं हे विचारायचा नाही. झोप लागली का, एवढंच. मी हो म्हणायची, आणि तो म्हणायचा, मलेबी नाही लागली.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. मध्ये मी.

"आचल," तो हळूच म्हणाला, "माह्याशी लग्न करशीन?"

"आता?"

"आताच."

"रिपोर्ट तर येऊ द्या..."

"म्हणूनच आता. चांगला आल्यावर विचारलं, तर तू जन्मभर म्हणशीन, रिपोर्ट पाहून आला. वाईट आल्यावर विचारलं, तर म्हणशीन, कीव करून राहिला."

पलीकडे आई पदर सारखा करत होती. तिचं ऐकणं मला तिच्याकडे पाठ असली तरी कळतं.

"अन् वाईटच आला तर?"

"तर इलाज करू. मी काही शिकवणार नाही, डबा आणत जाईन."

"घरी काय सांगसान?"

"सांगतलं. तुह्या आईच्या आजारासकट सारं. माही आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणे, पोरीले घरी आण."

माझी भीती गेली नव्हती. पण इतके दिवस तिच्यासोबत मी एकटीच बसले होते, आणि आता तो माझ्या शेजारी बसला होता, तितकाच घाबरलेला.

"हाव," मी म्हणाले.

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं गेलं, आणि आम्ही तिघंही एकदम उठलो.

गाठ साधी निघाली. पण माझं 'हाव' त्याच्या आधीचं आहे, आणि हे मी त्याला प्रत्येक भांडणात ऐकवते.