तिसऱ्या ओळीतली रोपं

तो आला तोच चुकीच्या दारातून. माती तपासायची खोली शेजारी, पण हा सरळ विषाणूंच्या प्रयोगशाळेत शिरला, मातीची पिशवी तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "जरा लवकर बघा हं, बाबा वाट बघतायत." तिनं मान वर केली... आणि शेजारची खोली दाखवायचं राहूनच गेलं.

रोपवाटिका बाबांची, राबणारा हा. मातीचं काम केव्हाच संपलं, तरी स्वारी दर आठवड्याला हजर.

"तुमचा विषाणू करतो तरी काय, बाई?"

"पानाला ओरखडा पडला की आत शिरतो. अंगावरचं आवरण टाकतो. पेशी बिचारी भोळी — त्याचा निरोप आपलाच समजून वाचते, आणि स्वतःची कामं सोडून त्याच्या नकला काढत बसते. हजारो."

"आणि हा?"

"हा काडीचं काम करत नाही. नकला झाल्या की बारीक फटींतून शेजारच्या पेशीत."

तो गालात हसला. "असं कुणी माझ्या डोक्यात शिरलं असेल तर... काही औषध?"

"विषाणूवर औषध नसतं. रोप उपटावं लागतं."

"मग राहू दे."

तिचे कान तापले. पुढच्याच रविवारी ती प्रयोगशाळेतून तडक त्याचं हरितगृह बघायला गेली. टोमॅटोची दोन हजार रोपं! यंदाची सगळी भिस्त त्यांच्यावरच. त्यानं दोरा कसा बांधायचा ते दाखवलं, आणि तिनं तिसऱ्या ओळीतली अकरा रोपं बांधली. बोटाला बोट लागलं, तेव्हा तर तिला काही सुचेनाच.

बाराव्या दिवशी तो एक पान घेऊन आला. फिकट-गडद ठिपके, कडा वळलेल्या.

"तुमचा विषाणूच का हा?"

"तपासते," ती म्हणाली.

दोन दिवसांनी निकाल आला, तो प्रयोगशाळेत तीच वाढवत असलेल्या विषाणूच्या वाणाचा. बाहेर कुठे तो सापडतच नव्हता. म्हणजे तिनंच नेला होता, स्वतःच्या हातांवरून. आजवर नव्या मुलांना हीच तर दटावायची की हात धुतल्याशिवाय रोपाला शिवू नका!

निकाल आणखी कुणी पाहिला नव्हता. बियाण्यातून आला असेल, असं म्हटलं असतं तर त्यानं मुकाट्यानं मान डोलावली असती. पण मग नेमकी कुठली रोपं उपटायची ते त्याला कळलं नसतं, आणि दोन हजारांतलं एकही वाचलं नसतं. खरं सांगितलं तर मात्र तो पुन्हा कधी त्या दारातून येणार नव्हता. तिला रडूच कोसळलं. मग तोंड धुऊन ती निघाली.

सगळं ऐकून तो पालथ्या टोपलीवर बसला.

"कुठली कुठली?" त्यानं विचारलं.

"तिसरी ओळ. आणि दोन्ही बाजूंची एकेक..."

दोघांनी मिळून तीन ओळी उपटल्या, पिशव्यांत भरल्या, तोंडं घट्ट बांधली. तिची नजर काही वर होईना.

"मी बघितलं होतं," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"दारातल्या नळावर हात न धुता तू आत आलीस ते. सगळ्यांना अडवतो मी, बाबांनासुद्धा. तुलाही अडवणार होतो. पण तू इतकी खुशीत येत होतीस — माझ्या तोंडून शब्दच फुटेना. आवडतेस गं तू मला."

हसावं की रडावं तिला कळेना. "मलाही तू... पण बाबांना काय सांगणार?"

"चूक दोघांची, दोघांनी सांगायची. चल."

घरापर्यंत त्यानं तिचा हात धरला होता. आणि बाबांनी दार उघडलं, तरी सोडला नाही.