चार निळे ठिपके

ज्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं, ते दवाखान्यात इको काढणाऱ्या नॉर्मलकाकांनी हृदयरोगाच्या जाडजूड पुस्तकात दाबून ठेवलं होतं. त्याला आठ महिने झाले होते. पत्र एका शाळामास्तरणीचं. डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी तिच्या छातीला रेडिएशन दिलं होतं. त्यानंतरचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काकांनी केली आणि ज्या शब्दावरून दवाखान्याने त्यांचं नाव पाडलं होतं, तोच शब्द खाली लिहिला. जिना चढताना दम लागतो, असं ती म्हणाली, तेव्हा ते हसले होते. "नॉर्मल आहे हो ताई. तुम्ही उगाच घाबरता."

पत्रात तिने लिहिलं होतं, 'साहेब, पुन्हा एकदा बघा. माझ्या छातीवरचे ठिपके तरी तुम्ही पाहिलेत का?'

काकांनी जुनं रेकॉर्डिंग काढून पुन्हा पाहिलं होतं. रक्त बाहेर फेकण्याचा आकडा साठ, उत्तम. पण हृदयाचा स्नायू किती आवळतो, तो आकडा रेडिएशनआधीच्या वीसवरून पंधरावर आला होता. किरणांनी इजा झाली की आधी हाच घसरतो, आणि तेव्हाच औषध सुरू केलं तर हृदय सावरू शकतं. हे त्यांना पाठ होतं. चूक कबूल करायला मात्र मन धजेना. उद्या लिहू, उद्या लिहू करत पत्र पुस्तकात गेलं.

सोमवारी आंघोळ करताना त्यांना छातीच्या मधोमध एक निळा ठिपका दिसला, टाचणीच्या डोक्याएवढा. साबणाने घासूनही गेला नाही. मंगळवारी डाव्या बगलेखाली दुसरा. किरणांचा नेम चुकू नये म्हणून रेडिएशनवाले असे ठिपके गोंदतात. काकांनी जन्मात रेडिएशन घेतलं नव्हतं.

बुधवारी मशीन बिनसलं. निरोगी हृदयाचं गोल चित्र पडद्यावर सगळं लाल दिसतं. त्या दिवशी प्रत्येक पेशंटच्या चित्रात पुढचा तोच एक तुकडा फिकट. एका ड्रायव्हरचा इको त्यांनी तीनदा केला. शेवटी सिस्टरांनी छातीवर फिरवायचा प्रोब त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः टेकवला.

लाल.

"इतकी वर्षं डोळे झाकून नॉर्मल लिहिलंत," त्या म्हणाल्या, "आणि आता एकदम सगळं गाव आजारी?"

ड्रायव्हर फिदीफिदी हसला.

गुरुवारी ठिपके चार झाले. दवाखान्याच्या जिन्यात सहाव्या पायरीवर काकांना कठडा धरावा लागला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दार लोटलं, शर्ट काढला आणि थंडगार जेल लावून प्रोब स्वतःच्याच छातीवर टेकवला. तोच तुकडा फिकट. आकडा पंधरा. नावाची चौकट त्यांनी रिकामी सोडली होती. तिथे मास्तरणीचा केसपेपर नंबर होता.

सिस्टर आत आल्या.

"हे बघा जरा. मला दम लागतोय."

सिस्टर पडद्याकडे पाहून हसल्या. "सगळं लालभडक तर आहे. नॉर्मल आहे हो काका. तुम्ही उगाच घाबरता."

हसू सिस्टरांचं नव्हतं. काकांनी ते ओळखलं.

"त्या शाळेतल्या बाई," त्यांनी विचारलं, "आल्या होत्या का परत?"

"गेल्या महिन्यात. दम लागतो म्हणत होत्या. तुमचाच रिपोर्ट दाखवून डॉक्टरांनी घरी पाठवलं."

फोनवर बोलायची हिंमत नव्हती. काकांनी कागद ओढला. 'ताई, तुमचं बरोबर होतं. हृदयाला इजा सुरू झाली आहे. हे पत्र घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. चूक माझी आहे.'

फाटकाजवळच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत ते तीनदा थांबले.

पाकीट अर्धं आत सरकवल्यावर त्यांना त्याची मागची बाजू दिसली.

चार निळे ठिपके.

त्यांनी ते मागे खेचलं. ते बोटांतून निसटून पेटीत पडलं.

मनगटापर्यंत हात आत घातला. काही लागलं नाही.

मग ध्यानात आलं, दम लागत नव्हता. त्यांनी शर्टाची बटणं काढून पाहिलं.

छाती कोरी होती.