गर्दीचा माइक

प्रक्षेपणाच्या गाडीत खुर्च्या दोन आणि माणसं तीन, म्हणून पाहुणा माझ्या शेजारी उपड्या खोक्यावर बसला. शेजारच्या देशाच्या टीव्हीचा साउंड इंजिनिअर. भाषा आमचीच, फक्त हेल वेगळा. बसल्या बसल्या त्याचं कोपर माझ्या कपाला लागलं आणि अर्धा चहा माझ्या बाहीवर.

“सॉरी... पहिल्याच भेटीत डाग लावला.”

“असू दे. थोड्या वेळात याहून मोठा लागणार आहे.”

फुटबॉलचा सामना, तोही त्यांच्याशी! त्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि आमच्या चाळीस हजार लोकांनी शिट्ट्या, शिव्या, हुर्यो, सगळं एकदम सुरू केलं. साहेबांचा कायमचा हुकूम होता, देशाची शोभा होता कामा नये. मी गर्दीच्या माइकची कळ खाली ओढली. दोन्ही देशांत घरोघरी फक्त बँड ऐकू गेला. सहा वर्षं मी हेच करत होते. आपली लाज आपणच झाकायची आणि घरी बाबांकडून ऐकायचं, “बघ, आपले लोक कसे शिस्तीत उभे होते!” कंटाळा आला होता, अगदी हाडापर्यंत.

गाडीच्या पत्र्यातून खरा आवाज येतच होता. पाहुणा ओठातल्या ओठात त्यांचं गीत म्हणत होता. मला मान वर करवेना.

“माफ करा,” मी पुटपुटले.

“तुम्ही कशाला? तुमची शिट्टी मी कुठे ऐकली?”

जाताना त्याने नंबर दिला. “डाग निघाला की कळवा.”

डाग पहिल्याच धुण्यात निघाला. मी मात्र महिनाभर ‘अजून थोडा आहे’ असं कळवत राहिले. तोही रोज विचारत राहिला.

एकदा म्हणाला, “टीव्हीवर सामना पाहून आई म्हणते, तिकडचे लोक इतके सभ्य, तर सून तिकडचीच आण ना.”

“त्यांना खरं सांगा की!”

“सांगितलं. तरी म्हणते.”

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. त्या देशाचं नुसतं नाव निघालं तरी बाबा ताटावरून उठायचे.

“परतीचा सामना आमच्याकडे आहे. पैज लावू या,” तो म्हणाला. “तुमच्या राष्ट्रगीताला आमचे लोक गप्प उभे राहिले, तर तुम्ही हो म्हणायचं.”

“आणि नाही राहिले तर?”

“तर... मी पुन्हा फोन करणार नाही.”

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी कळ त्याच्या हातात असणार. जरा खाली ओढली की पैज त्याची. आणि खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. ओढ रे, कोणाला कळतंय!

सामन्याच्या दुपारी बाबा टीव्हीसमोर ठाण मांडून बसले. आमचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि शिट्ट्या आल्या. स्पष्ट, शिव्यांसकट.

“बघितलंस? हे असले लोक!” बाबा उसळले. “आपण कधी केलं असं?”

माझे डोळे भरून आले. गेली पैज. मग हळूहळू उमगलं, त्याने कळ ओढली नव्हती. त्याचेही साहेब होते, त्यांचाही हुकूम असणार. तो मला गमावायला तयार झाला, पण त्याने मला खोटं ऐकवलं नाही.

“केलं, बाबा,” मी म्हटलं. “याहून जास्त केलं. मीच आवाज बंद करत होते.”

“दरवेळी?”

“दरवेळी.”

बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाले, “त्यांच्या माणसाने का नाही केला बंद?”

“माझ्यामुळे,” मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

ते ओरडले नाहीत, उठलेही नाहीत. उरलेला सामना त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. आम्ही एका गोलने हरलो. मग मीच फोन लावला.

“पैज हरलो मी,” त्याचा आवाज दमलेला होता. “साहेबांनी आत्ताच झापलंय. पण... फोन करायचा नाही असं ठरलं होतं ना?”

“तुम्ही करायचा नाही. मी करू शकते. पुढच्या रविवारी या, बाबांना भेटायला. ते भांडतील.”

तेवढ्यात मागून बाबा ओरडले, “त्याला सांग, तो गोल ऑफसाइड होता!”

“ऐकू आलं. तेवढं मान्य करतो,” तो म्हणाला. “आणि तुमचं काय?”

“माझं... हो आहे.”