शेळ्यांमागचे आठ दिवस

बंकट कोळदऱ्याच्या डोंगरावर चुन्याच्या फक्कीनं रेघ मारत पुढं चालला होता, आणि त्याच्यामागून शेळ्या ती पुसत येत होत्या. त्याच्या हे लक्षात आलं तेव्हा पन्नासेक पावलांची रेघ खुरांखाली गेली होती. श्रावणातली भुरभुर चालू होती, ऊनही होतं. तो मागं वळला. चाळीसेक शेळ्या, आणि त्यांच्यामागं डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक मुलगी. ती त्याच्याकडं नाही, खालच्या पांढऱ्या रेघेकडं बघत होती.

"हे पीठ कावून सांडायलात?"

"पीठ नाही, फक्की आहे. इथं चर खणायचेत. पाणी अडवायला."

"आन् शेळ्या?"

"शेळ्या…" बंकट अडखळला. उत्तर त्याच्या फायलीत होतं, एका ओळीचं. तीन वर्षं पूर्ण चराईबंदी. त्यानं ते सांगितलं, पण फायलीत जितकं सरळ वाटलं होतं तितकं ते तोंडून निघालं नाही.

खोळीच्या टोकावरून पाण्याचा थेंब तिच्या भुवईवर पडला, तो तिनं बोटानं निपटला आणि त्याचं नाव विचारलं. बंकट म्हटल्यावर मात्र तिला हसू आवरेना. एवढ्या तरण्या माणसाला आजोबाचं नाव कुणी ठेवलं, म्हणाली. तो म्हणाला, आजोबांनीच. त्यावर ती आणखी हसली, आणि बंकटला उरलेली रेघ कुठून सुरू करायची हे काही केल्या आठवेना.

तिचं नाव वनिता. शिरूर कासारला बारावीपर्यंत शिकलेली. वडील गेल्यापासून तिची आई मुक्ताबाई दर साल दसरा झाला की ऊस तोडायला जायची, आणि पाच-सहा महिने घराला कुलूप. दोन शेळ्यांच्या वनितानं चाळीस केल्या, तेव्हा कुठं तिचं स्वतःचं टोळीबरोबर जाणं थांबलं. अजून दहा-बारा शेळ्या वाढल्या तर आईचंही थांबलं असतं. गावात अशी बिनजमिनीची बावीस घरं होती. डोंगर बंद म्हणजे शेळ्या बाजारात, आणि मायलेकी दोघी पुन्हा उसाच्या फडात.

बंकट पाटोद्याचा. अंबाजोगाईला शेतीचं शिक्षण घेऊन तो एका संस्थेत लागला होता. अलीकडं पाऊस एका दिवसात महिन्याचा पडायचा आणि मग चाळीस दिवस तोंड दाखवायचा नाही. त्याला तोंड द्यायचं तर ग्रामपंचायत, शेतकरी, बचत गट या सगळ्यांना एका कागदावर आणायचं, हे त्याचं काम. कोळदऱ्याच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. पहिली सरपंच माणिकरावांची. शेळीवाल्यांसाठी त्या कागदावर जागाच ठेवलेली नव्हती. डोंगरावर त्या मुलीसमोर उभं राहीपर्यंत ही गोष्ट बंकटच्या ध्यानातही आली नव्हती, आणि याची त्याला शरम वाटली.

"आठ दिस शेळ्यांमागं हिंडा," वनिता निघताना म्हणाली. "मंग काय बंद करायचं ते करा."

ती चेष्टेनं म्हणाली असावी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बंकट तिच्या शेळ्यांच्या वाड्यापाशी उभा होता.

पहिल्या दिवशी तो दोनदा घसरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बुटाचा तळ सुटला, तेव्हा तिनं सुतळीनं तो बांधून दिला, आणि गाठ मारताना वाकलेल्या तिच्या डोक्याकडं बघत तो बसून राहिला. तिसऱ्या दिवसापासून मात्र तो शिकू लागला. कुठल्या ओघळीतून पाणी सगळ्यात जोरात उतरतं, कुठला खडक मार्चपर्यंत ओला असतो, हे तिला पाठ होतं. त्याच्या मोबाइलमधल्या नकाशावर जिथं नुसता हिरवा डाग होता, तिथं ती बारा झाडांची नावं सांगायची.

"शेळी वर बघून खाती," ती एकदा म्हणाली. "बोरी, हिवर, बाभळीच्या शेंगा. खाली मान घालून गवत खातात त्या गायी. आन् गायी कुणाच्या हायत, ते इचारा गावात."

बंकटनं विचारायची गरज नव्हती. गायी जमीनवाल्यांच्या होत्या.

दुपारी ते हिवराखाली बसायचे. तिची भाकरी आणि ठेचा; पाचव्या दिवशी त्यानं आईच्या हातचे धपाटे आणले. त्यातला अर्धा तुकडा कळपातली सगळ्यात पुढारी शेळी त्याच्या हातातूनच घेऊन गेली. वनितानं तिचं नाव राजनंदिनी ठेवलं होतं, आणि ती कुणाच्याही हातचं खात नाही असा तिचा लौकिक होता.

"तिला तुमी आवडलात, सायेब."

"फक्त… तिलाच?"

हे आपण बोललो, याचा त्यालाच धक्का बसला. वनिता ओठ दाबून हसली, उठली, आणि कुठंही न चुकलेल्या शेळ्यांना हाका मारत उतारावर गेली.

सातव्या दिवशी दोघांनी एका सपाट खडकावर फक्कीनं डोंगर काढला आणि त्याचे तीन भाग केले. दोन बंद, एक उघडा. दर साली भाग बदलायचा. बंद भागातलं गवत विळ्यानं कापायचं आणि जमीन असो-नसो, घरटी सारखं वाटायचं. गायी-बैल घरी बांधायचे. कुणाचं जनावर बंद भागात गेलं तर त्या घरानं एक दिवस चर खणायचा. ही शेवटची अट वनिताची.

आठव्या दिवशी शाळेच्या पडवीत गावाची बैठक झाली. सह्या झालेल्या कागदाला आता फाटे कशाला, असं संस्थेच्या साहेबांनी बंकटला फोनवर सुनावलं होतं. माणिकरावांचंही तेच म्हणणं होतं, आणि जमीन नसलेल्यांना गवताचा वाटा कशाचा, असंही त्यांनी विचारलं. बंकट उभा राहिला. हा नवा आराखडा माझा नाही, ज्यांचा आहे त्यांनीच बोलावं, एवढं सांगून तो खाली बसला.

वनिता उठली. तिनं आधी पदर सारखा केला.

"डोंगर बंद करा, आमचं काई म्हणणं न्हाई," ती म्हणाली. "पण बंद केलेला डोंगर राखणार कोन? तुमी समदे शेतात. आमी बावीस घरं रोज वर आसताव. आमाला बाहेर ठिवलं तर आमी चोरून चारू. आत घेतलं तर राखण आमी करू. माणिकदादा, तुमीच सांगा, काय परवडतंय."

माणिकरावांनी टोपी काढून हातात फिरवली. मग त्यांनी विचारलं, तुझीच शेळी आत गेली तर? पहिली कुदळ माझ्या हातात, वनिता म्हणाली. माणिकरावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि बंकटला लिहून घ्यायला सांगितलं. बंकटनं वहीकडं पाहिलं. पान कोरं होतं. ती बोलत होती तेवढा वेळ तो नुसता तिच्याकडं बघत बसला होता.

त्या साली मुक्ताबाई नेहमीसारखी टोळीबरोबर गेलीच. चर खणले गेले, शेळीवाल्यांनी पाळ्या लावून डोंगर राखला. बंकट दर बुधवारी विहिरींची पातळी मोजायला यायचा. विहिरी चार होत्या, तास-दीड तासाचं काम; त्याला संध्याकाळ व्हायची. कधी राजनंदिनीच्या करडांची चौकशी, कधी नुसतंच उभं राहणं… गावाला जे कळायचं ते कळलं होतं.

पुढच्या जुलैत माणिकरावांची बैलजोडी बंद भागात शिरली, आणि ती पकडली नेमकी वनितानं. आता सरपंच काय करतात, याकडं गावाचे डोळे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी साठीचे माणिकराव कुदळ खांद्यावर टाकून स्वतः डोंगर चढले. घटकाभरानं वनितानं आपल्या शेळ्या शेजारणीच्या हवाली केल्या, दुसरी कुदळ घेतली, आणि निम्मा चर माझा, म्हणत त्यांच्या शेजारी खणायला लागली. माणिकरावांनी नको-नको केलं, मग बाजूला सरून तिला जागा दिली.

बंकट खालच्या उतारावरून हे बघत होता. इतकी सरळ आणि इतकी मायाळू मुलगी आपल्याला पुन्हा भेटायची नाही, असं त्याच्या मनात आलं.

मग बदलीचं पत्र आलं. अंबाजोगाईकडची बारा गावं, दिवाळीनंतर हजर व्हायचं.

तो सांगायला आला त्या दिवशी डोंगरावर गवताचं वाटप चाललं होतं. कमरेइतकं गवत, घरटी सारखे भारे. दसरा नुकताच होऊन गेला होता आणि गावातल्या टोळ्या निघायच्या तयारीत होत्या. वनिताच्या शेळ्या आता पन्नासच्या वर गेल्या होत्या. वनिता विळा चालवत होती. त्यानं बदलीचं सांगितलं तेव्हा विळा थांबला.

"किती लांब?"

"दोन एसट्या बदलून. तिथंही डोंगर आहे… शेळ्या आहेत. शेळीवाल्यांशी कोण बोलणार, असं साहेबांनी विचारलं. मी… तुमचं नाव सांगितलं."

वनितानं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"म्हंजी मला कामाला न्यायलात… का लगीन करून?"

वाऱ्यानं गवत एका अंगाला कललं. या वेळी बंकट अडखळला नाही.

"लग्न करून. कामाचं तुमच्या मनावर."

"मंग आधी लग्नाचंच बोला," ती म्हणाली, आणि मान खाली घालून पुन्हा गवत कापायला लागली. "कामाचं मी बोलन तुमच्या सायबासंग." विळा मात्र दोनदा रिकाम्या हवेतच फिरला.

मागं गवताचा भारा डोक्यावर घेऊन मुक्ताबाई केव्हा येऊन उभी राहिली, ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिनं भारा खाली टाकला. सव्वा वर्षात ती बंकटला सायेब सोडून दुसरं काही म्हणाली नव्हती.

"तुझ्या आईला घिऊन ये बाबा," ती म्हणाली. "कवाबी ये. मी घरीच हाय औंदा."